कोरड्या रस्त्याखाली

पाणीपुरवठा खात्यात तिला सगळे कानताई म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, ते तिथेच राहिलं. तिचं काम सांगायला सोपं, करायला महाकठीण. उजाडता उजाडता, रहदारी सुरू व्हायच्या आत, एक लांब लोखंडी गज रस्त्यातल्या व्हॉल्व्हवर टेकवायचा, वरच्या टोकाला कान लावायचा आणि जमिनीखाली पाइप कुठे गळतोय ते ऐकायचं. सापडलं की खडूनं फुली मारायची. मग खोदकामवाले काका पहार घेऊन पुढे व्हायचे. वीस वर्षांत काकांनी तिला एकदाही विचारलं नव्हतं, "ताई, नक्की ना?"

तीन वर्षांपूर्वी तिची बोटं सुजली. सकाळी मूठ वळेना, गज धरवेना. मग गालांवर आणि नाकावर लाल चट्टा उमटला, आणि जरा उन्हात गेलं की तो असा काही पेटायचा की विचारू नका. शेजारीण म्हणाली, ॲलर्जी. औषधवाल्यानं तीन मलमं गळ्यात मारली. अखेर मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासून सांगितलं, हा ल्युपस.

"जंतू शिरले की त्यांच्याशी लढायला शरीराची फौज धावते," बाई म्हणाल्या. "तुमची फौज घरच्यांवरच उलटलीय. सांध्यांत, कातडीत शिरून झोडपतेय. ही सूज, ही लाली, हा ठणका, सगळा त्या मारामारीचा. याला आम्ही दाह म्हणतो."

"म्हणजे कुंपणच शेत खातंय."

"अगदी तसंच."

काही महिने जोरकस गोळ्या झाल्या. चेहरा फुगून गोल झाला, पण बोटं मोकळी झाली. पुढे त्या गोळ्या हळूहळू बंद करून बाईंनी एकच साधी गोळी कायमची लावून दिली. बजावलंही, की हा रोग जात नाही, दबून राहतो, आणि त्याला दाबून ठेवते ती ही गोळी.

इथवर सगळं सरळ होतं. वाकडं शिरलं ते गोळ्यांच्या खोक्यातल्या कागदामुळे. बारीक अक्षरांत तिथे छापलं होतं: क्वचित कानात आवाज येणे. आता असले कागद कोणी वाचतं का? कानताईनं वाचला. आणि दुसऱ्या दिवसापासून तिला डाव्या कानात बारीक शिट्टी ऐकू यायला लागली. खरी होती की भीतीची, देव जाणे.

भीतीला कारण होतं, आणि ते घरातच बसलेलं होतं. बारा वर्षांपूर्वी एका आजारपणात सासूबाईंचे कान गेले, ते कायमचे. तेव्हापासून त्या सगळ्यांच्या ओठांकडे बघत जगत होत्या. पाहुणे आले की हसायच्या, पण कशाला हसायचं ते कळायचं नाही. कानताईच्या काळजात तेव्हा चर्र व्हायचं. हात गेला तर एक वेळ चालेल, पण कान नको, कान गेले तर काम गेलं आणि आपणही गेलो, असं तिनं मनाशी ठरवलं आणि गोळी बंद केली. बंद केली म्हणजे कशी, तर रोज सकाळी पाकिटातून काढायची आणि बेसिनमध्ये सोडायची. घरच्यांना वाटावं, बाई गोळी घेतेय. इतकी हुशार बाई, पण अक्कल गहाण टाकली होती म्हणा ना!

गंमत म्हणजे काहीच दुखलं नाही. बोटं ठीक, गाल ठीक. दर तीन महिन्यांनी लघवी तपासायची होती, तीही तिनं टाळली. दुखत नाही तर कशाला, म्हणाली. असे सात महिने गेले. मग एका संध्याकाळी ती मोजे काढत असताना सासूबाईंना तिच्या पोटरीवर मोज्याच्या रबराची खोल खाच दिसली.

"हे काय गं? पाय बघ, कसे टम्म फुगलेत! चल दवाखान्यात." सासूबाईंना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे ही खासगी गोष्ट वरच्या मजल्यापर्यंत पोचली.

डॉक्टरबाईंनी तपासणीचा कागद दोनदा वाचला. "लघवीतून प्रथिनं वाहून चाललीत, तीही भरपूर. दाह किडनीत शिरलाय. गोळी चालू आहे ना?"

"हो."

"मग गोळी पुरत नाहीये. सुईनं किडनीचा बारीक तुकडा काढून बघावा लागेल. उद्या-परवाच दाखल व्हा."

कानताई भडकली. "अहो, मला कुठे दुखत नाही, खुपत नाही. धडधाकट बाईला टोचायचं कशाला?"

"सांधे बोंबलतात हो, किडनी बोंबलत नाही. ती गप्प बसून खराब होते. आत नुसता दाह असेल तर विझवता येईल. पण फार दिवस धुमसला असेल तर तिथे व्रण झालेला असतो, आणि तो भाग पुन्हा कामाला येत नाही. किती उशीर झालाय, तेच मला बघायचंय."

"विचार करून सांगते," कानताई म्हणाली आणि निघून आली.

दुसऱ्या सकाळी तिनं एका चष्म्याच्या दुकानासमोर फुली मारली. काकांनी पहार उचलली, तोच भल्या पहाटे झाडलोटीला आलेला चष्मेवाला शटर अर्धवट टाकून धावत आला.

"थांबा, थांबा! कुठाय पाणी? रस्ता कोरडा ठणठणीत! धडधाकट रस्ता फोडायचा कशाला? ताई, नंबर वाढला असेल तर आत या, चष्मा देतो."

अशांना तिचं उत्तर ठरलेलं होतं. "साहेब, लहान गळती शिट्टी मारते. मोठी झाली की भोवतालची माती भिजते आणि आवाज गिळते, नुसती बारीक घरघर उरते. वर सगळं कोरडं आणि खाली…"

चष्मेवाल्याचा शब्द आत्ता तिच्या डोक्यात शिरला. धडधाकट. कालच, याच ठसक्यात, आपणही हेच म्हणालो होतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! तिला स्वतःची अशी लाज वाटली की रस्त्यात उभ्या उभ्या कान तापले.

"ताई, खणू ना?" वीस वर्षांत पहिल्यांदाच काकांनी विचारलं. तिचा चेहराच तसा झाला असावा.

"खणा, काका."

कमरेइतकं खोदल्यावर पाणी लागलं. माती वाहून जाऊन पोकळी थेट दुकानाच्या पायरीखाली पोचली होती. चष्मेवाला आपलं बाहेरचं स्टूल आत ओढायला लागला. कानताईनं गज काकांच्या हाती दिला आणि घर गाठलं.

सासूबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. तिनं त्यांच्यासमोर बसून, ओठ नीट दिसतील असं सगळं सांगितलं. गोळी, बेसिन, सात महिने. "आई, मला भीती वाटली, कान गेले तर मी पण तुमच्या…"

"माझ्यासारखी होशील?" सासूबाई कडाडल्या. "काय वाईट आहे गं माझं? बारा वर्षं ठार बहिरी आहे मी. भांडते, जेवते, तुझ्या नवऱ्याला सरळ करते. काम गेलं तर दुसरं शोधू. तू गेलीस तर दुसरी सून कुठून आणू? आणि आणलीच, तर ती तुझ्यासारखी माझ्याकडे तोंड वळवून बोलेल का?" बोलता बोलता त्यांचे डोळे भरले. तशाच त्या उठल्या आणि दवाखान्याची फाइल शोधायला लागल्या.

डॉक्टरबाईंना कानताईनं पहिल्या वाक्यातच खरं सांगितलं. बाई रागावल्या, आणि रागावायला हव्याच होत्या. मग त्यांनी कानांची तपासणी करवली. ऐकणं शाबूत होतं. शिट्टी मात्र सात महिने गोळी पोटात न जाताही वाजतच होती, त्यामुळे दोष गोळीचा नसावा, असं बाई म्हणाल्या. "तरी शिट्टी वाढली तर मला सांगायचं. स्वतः डॉक्टर व्हायचं नाही."

सुई टोचली तेव्हा कानताई पालथी पडून दात आवळून होती. आठवड्याने निकाल आला. बाईंनी खुर्ची जवळ ओढली.

"किडनीत रक्त गाळणाऱ्या बारीक बारीक चाळण्या असतात. तुकड्यात बावीस दिसल्या. चार व्रण होऊन गेल्यात, त्यांना आता औषध नाही. अठरांमध्ये जोरात दाह आहे, पण त्या जिवंत आहेत. वर्षभर जड औषधं, परत फुगलेला चेहरा, आणि ही गोळी तर कायमचीच. त्यातूनही सगळ्या वाचतील अशी हमी मी देत नाही."

सासूबाई बाईंच्या ओठांकडे टक लावून होत्या. त्यांना किती कळलं कोण जाणे, पण सुनेचा हात त्यांनी घट्ट धरला होता.

कानताईनं निकालाच्या कागदावरच्या चारच्या आकड्यावर बोट ठेवलं. "त्या चार माझ्या हातानं गेल्या," ती म्हणाली. "आता अठरांतली एकही मी सोडणार नाही. पाणी आहे का इथे? आजची गोळी इथेच घेते, तुमच्यासमोर."