पाणी कुठे पितेस, असे विचारणारे सर

टेंभुर्णे सरांची आणि माझी पहिली भेट सडक अर्जुनीत झाली. मी नव्याने शिक्षण विस्तार अधिकारी होऊन आले होते. सर केंद्रप्रमुख होते. आसपासच्या जिल्हा परिषद शाळांवर त्यांची देखरेख असे. माझे कॉन्व्हेंटी मराठी ऐकून ते म्हणाले, "मॅडम, पोरं तुम्हाले भेतील. आधी मी बोलतो, मंग तुम्ही रागवा." ती वाटणी आम्ही शेवटपर्यंत पाळली.

सर पंचाहत्तरीत पदार्पण करीत आहेत. त्यांच्या सचोटीबद्दल या गौरवग्रंथात इतर लोक गोड लिहितील. मी एका तुलनेबद्दल लिहिते.

सरांच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी दोन शाळांची तुलना करून एकीचे सहावी-सातवीचे वर्ग बंद करायचे ठरले. एक शाळा महामार्गालगतची, ताज्या रंगाची. दुसरी महामार्गापलीकडच्या टोलीवरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची, गळक्या छताची. टोलीवरचे वर्ग गेले तर तिथल्या मुलींना ट्रकांमधून वाट काढावी लागणार, हे तुलनेसाठी नेमलेल्या समितीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

महामार्गावरच्या शाळेत स्वागतगीत झाले, पोहे झाले. मुलांनी अडखळल्याशिवाय वाचून दाखवले. समिती प्रसन्न. सरांनी पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारले, "बेटी, पाणी कोठी पेतेस?"

ती खिडकीबाहेर पाहू लागली.

"हापसी कोठी आहे, सांग ना."

"मले का मालूम, सर. मी आजच आली."

"मंग तुही शाळा कोणची?"

"टोलीवरची. गुरुजीनं जीपमदी बसवून देलं."

तपासणीला हुशार मुले उसनी देण्याची आपल्याकडची रीत मला तोवर माहीत नव्हती. दुपारी टोलीवर गेलो, तर वर्ग अर्धा रिकामा. सरांनी तिथल्या गुरुजींना बाजूला घेतले. "काऊन देलीस बा पोरं?"

"त्याईनं मांगतली, सर. मांगच्या तपासणीले त्याईनं आपल्याले देल्ती."

सरांनी हे समितीपुढे स्पष्ट सांगितले. "चहा निवतो आहे, टेंभुर्णे," एवढेच उत्तर मिळाले. टोलीवरचे वर्ग बंद झाले. ज्या मुलांनी वाचून दाखवले, त्यांचीच शाळा गेली.

सर त्या मुलीच्या घरी गेले. तिचे वडील म्हणाले, "पोरगी का ट्रकखाली देऊ, सर?" दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या वेळेला सर लाल कापड घेऊन महामार्गावर उभे राहू लागले. ती मुलगी सातवी झाली, ती त्यामुळेच. एकदा एका ट्रकवाल्याने खिडकीतून टोमणा मारला, "बाबूजी, कब से ट्रैफिक पुलिस बन गये?" सर म्हणाले, "मास्टर हूँ भाई. ब्रेक दबा."

निवृत्तीनंतरही ते उभेच आहेत. मागच्या महिन्यात तापाने पडले, आणि ते बरे होईपर्यंत टोलीवरची एकही मुलगी महामार्गावरच्या शाळेत गेली नाही. सत्कार समितीतल्याही कुणी ते कापड हातात घेतले नाही. शालीचा रंग ठरवायला मात्र समितीची बैठक झाली.

सरांना उदंड आयुष्य लाभो, त्यांची नजर आणि गुडघे शाबूत राहोत, ही माझी मनापासून प्रार्थना. टोलीवर सहावीचा वर्ग पुन्हा भरो, आणि त्यानंतरची बरीच वर्षे त्यांना सकाळी घरी बसून चहा पिता येवो. तोवर मात्र सत्काराची वेळ शाळा सुटण्याच्या वेळेला ठेवू नका. सर येणार नाहीत.