वाऱ्याला टोलनाका न्हाई

अण्णा गवारे कुणाच्या वास्तुशांतीला गेले, की देवापुढे हात जोडायच्या आधी खिडकीच्या कडेवरून बोट फिरवायचे. वाकडला एका ओळखीच्यांनी उंच टॉवरमध्ये फ्लॅट घेतला, तेव्हा आम्ही शेजारीपाजारी मिळून गेलो होतो. घरची सून पेढे वाटत होती आणि अण्णा हॉलच्या खिडकीशी ओणवे होऊन तिला विचारत होते, "पोरी, बादलीभर पाणी मिळंल का? भाएरनं मारून बगायचंय." अहो, ढगाला हात लागेल अशा उंचीवर बाहेरून पाणी मारणार कोण? सगळे हसले. म्हातारा गंमत करतोय असं त्यांना वाटलं. मी मात्र कपाळाला हात लावला, कारण अण्णा पाण्याच्या बाबतीत कधीच गंमत करत नसत.

चाकणच्या एका मोटारींच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी शॉवर टेस्टवर गेली. नवी कोरी गाडी लाइनवरून उतरली, की तिला एका बोगद्यात घालून चारी बाजूंनी पाण्याचा मारा करतात. मग अण्णांसारखा माणूस आत शिरून कोपऱ्याकोपऱ्यात हात घालतो आणि ओल शोधतो. "माणूस खोटं बोलंल, कागूद खोटं बोलंल, पाणी न्हाई बोलत," हे त्यांचं आवडतं वाक्य. रिटायर झाल्यावर गाड्या सुटल्या, पण सवय काही सुटली नाही. मी कंपनीतल्या एकट्या मुलांसाठी मेस चालवते. माझ्या नव्या डब्यांवरसुद्धा त्यांनी नळी धरली होती. मी चांगलंच झापलं त्यांना. "अण्णा, डबा आमटी आत ठेवायला असतो, पाऊस बाहेर ठेवायला नाही!" ते शांतपणे म्हणाले, "येकच काम हाय, सुमनताई. आमटी भाएर आली तरी गळतीच." या माणसाशी भांडून कधी कुणी जिंकलंय?

आमची चिंचवडची कॉलनी जुनी. बैठी घरं, लाकडी खिडक्या आणि त्यात लांबीचा लगदा लावून बसवलेल्या पातळ काचा. अण्णांचं घर माझ्या भिंतीला भिंत लावून. त्यांच्या बायकोला, पारूवहिनींना, लकवा मारला आणि त्यांची उजवी बाजू गेली. जीभ जरा जड झाली, पण आवाज होता तसाच राहिला. देवाची कृपा म्हणा, नाहीतर कॉलनीचं दुर्दैव! अण्णांनी त्यांची खाट पुढच्या खोलीत, खिडकीला टेकवून लावली, आणि तिथून वहिनींनी सगळ्या गल्लीचा कारभार हातात घेतला. भाजीवाला जून भेंडी कुणाच्या गळ्यात मारतोय ते त्यांना दिसायचं. पोरं सायकली कुठे आडव्या टाकतात ते दिसायचं. "सुमनताई, तुमचं दूध उतू चाललंय!" अशी हाक यायची आणि मी धावत जाऊन बघते तर खरंच दूध पातेल्याच्या काठाला आलेलं असायचं.

मे महिन्यातल्या एका दुपारी वळीव आला. आधी नुसती धूळ, मग वारा असा सुटला की समोरच्या वर्कशॉपच्या शेडचा पत्रा उडाला आणि थेट अण्णांच्या खिडकीवर आदळला. काचांचा आवाज माझ्या स्वयंपाकघरात ऐकू आला. मी पोचले तेव्हा वहिनींच्या कपाळातून रक्त वाहत होतं, मांडीवर, उशीवर, केसांत काचाच काचा, आणि बाईला बाजूला सरकतासुद्धा येत नव्हतं. अण्णा मागच्या दारात पाणी भरत होते, ते तसेच अनवाणी काचांवरून धावत आले. आणि वहिनी काय म्हणाल्या? "आवं, आधी चपला घाला!"

कपाळाला टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला. वाकडला राहणारा त्यांचा मुलगा विनय संध्याकाळी आला आणि त्याने आधी खाट आतल्या खोलीत नेली. "बाबा, हे घर आता राहण्यासारखं नाही. दोघं माझ्याकडे चला," तो म्हणाला. पोरगा चांगला आहे, उगाच का खोटं बोलू? त्याचा जीव तुटत होता.

पण आतल्या खोलीत वहिनी मिटत चालल्या. ताटातलं अन्न तसंच राहायला लागलं. मी शिऱ्याची वाटी घेऊन गेले, तर तोंड भिंतीकडे. त्या भिंतीवर त्यांच्या सासूसासऱ्यांचे हार घातलेले फोटो होते. वहिनी म्हणाल्या, "ताई, गेलेल्या माणसांचे फोटू आतल्या खोलीत असत्यात. मी अजून हाय ना?" अण्णा चहाचा कप घेऊन दारात उभे होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "तुला खिडकीत आणतो. अशी आणतो, की वादळाच्या बाचं काय चालायचं न्हाई."

विनयने बापाला पावसापर्यंत मुदत दिली. "पण खिडकीनं पुन्हा दगा दिला, तर आईला मी घेऊन जाणार. मग तुम्ही या, नाहीतर बसा इथं पाणी मारत."

दुसऱ्या दिवसापासून अण्णा भोसरीतली वर्कशॉपं पालथी घालायला लागले. चक्रीवादळात टिकणारी खिडकी पाहिजे म्हटल्यावर जो तो हसायचा. "अण्णा, इथं समुद्र कुठाय?" अण्णांचं उत्तर ठरलेलं, "वाऱ्याला टोलनाका न्हाई, भावा. कोकणात उठलं की घाट चढून येतंय." काच कशी पाहिजे ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. "गाडीची फुडची काच फुटली तर अंगावर येती का? न्हाई. तडकती, पण जागा सोडत न्हाई. दोन काचांच्या मधी पापुद्रा असतो. गाडीतल्या माणसाला ती काच, आन घरातल्या माणसाला काय पापड?"

शेवटी शिंदे नावाचा एक खिडक्या बनवणारा तयार झाला. तो परभणीकडचा, कामाचा चोख. फक्त त्याचं म्हणणं होतं की जुनी लाकडी चौकट राहू द्यावी आणि तिच्यावरच नवी बसवावी, म्हणजे भिंत फोडायला नको. अण्णांनी स्क्रूड्रायव्हर घेऊन चौकटीत खुपसला. वाळवीचा भुसा भुरुभुरु खाली पडला. "ह्याच्यावर बसवतो? पैलवानाला मोडक्या पाटावर?" शिंदेने छिन्नी-हातोडा काढला. भिंत फुटली, माझ्या घरापर्यंत धुरळा आला, माझ्या कणकेत वाळू गेली, मी दोघांच्या नावानं शंख केला. पण चौकट थेट विटांच्या भिंतीत लांब बोल्टनी जखडली गेली. जाड दुहेरी काच बसली. दांडा फिरवला की चारी बाजूंनी खिट्ट्या आत जायच्या. मी म्हटलं, "अण्णा, इथं वहिनींना ठेवताय की बँकेचं सोनं?" ते म्हणाले, "सोनं गेलं तर दुसरं घेता येतंय."

शिंदे गेल्यावर अण्णांनी मन भरेपर्यंत नळी मारली. आत थेंब नाही! पण बाहेरच्या अंगाला, चौकटीच्या तळाशी, बारीक फटी होत्या आणि त्यांतून पाणी ठिबकत होतं. झालं! भोक म्हणजे गळती, हे त्या माणसाच्या रक्तात. लगेच बाजारातून सिलिकॉनची नळी आणली आणि फट न् फट बुजवून टाकली. "आता मुंगीला बी वाट न्हाई," असं गल्लीभर सांगून आले.

वहिनींची खाट वाजतगाजत खिडकीत परत आली. मी त्यांची वेणी घातली. त्यांनी पहिली हाक भाजीवाल्याला मारली, ती त्याच्या वजनकाट्याबद्दल होती. कॉलनीत पुन्हा शिस्त आली.

आणि जूनमधल्या पहिल्या तिरप्या, दांडग्या पावसात खिडकी आतून भरून वाहिली. गादी भिजली, वहिनी कमरेपर्यंत भिजल्या. विनय ऑफिसातून तसाच आला, ओली गादी बघितली आणि एवढंच म्हणाला, "बाबा, बास आता. रविवारी गाडी घेऊन येतो." वहिनींनी डोळे मिटून घेतले. अण्णा ओल्या चौकटीवर हात ठेवून बसून राहिले. त्यांचा तो चेहरा मला बघवेना.

सकाळी शिंदे आला. अण्णा त्याच्यावर खेकसले, त्याने ऐकून घेतलं, मग बाहेर जाऊन वाकला आणि टोकदार स्क्रूड्रायव्हरने एक फट मोकळी केली. आतलं तुंबलेलं पाणी भळाभळा बाहेर आलं. "अण्णा, हे कुणी बुजवलं ओ? चौकटीच्या खाचेत पाणी येणारच. ते भायेर जायला ठेवलेलं असतंय. तुमी मोरीचं तोंड बंद करता का?"

दुसरा कुणी असता तर सारवासारव केली असती. अण्णा म्हणाले, "म्या बुजवलं." आणि संध्याकाळी पारावर स्वतःच सगळ्यांना सांगितलं, "येडा की वो मी. जन्मभर पाणी आत येऊ द्यायचं न्हाई येवढंच शिकलो. आलेल्याला वाट करून द्यावी लागती, ते न्हाई शिकलो." लोक हसले. तेही हसले. विनयला मात्र हसू आलं नाही. त्याचा निर्णय झाला होता आणि वहिनींच्या कपड्यांची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती.

शनिवारीच फोनवर इशारे यायला लागले. समुद्रातलं वादळ घाट चढून येणार होतं. विनय दुपारीच गाडी घेऊन आला, पण निघायच्या आत रस्त्यात झाड पडलं आणि गाडी अडकली. माझ्या खिडक्या दात वाजावेत तशा वाजायला लागल्या, म्हणून मी खिचडीचं पातेलं उचलून अण्णांकडे आले. खोटं कशाला सांगू, मला भीती वाटत होती. विनय खाट आत ओढायला लागला. वहिनींनी डाव्या हाताने खिडकीचा दांडा पकडला. "मी हलायची न्हाई."

"आई, हट्ट करू नकोस!"

"त्यांनी बसवलीय ना? मग मी हितंच."

वाऱ्याचा आवाज असा होता की बोललेलं ऐकू येईना. तेवढ्यात गल्लीतल्या गुलमोहराची जाडजूड फांदी मोडून खिडकीवर आली. काडकन आवाज झाला. मी किंचाळले, विनय खाली बसला. डोळे उघडले तेव्हा काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकलेली होती, आणि एक तुकडा जागचा हलला नव्हता. आणि अण्णा? जन्मभर पाण्यावर विश्वास ठेवणारे, बोल्ट न् बोल्ट स्वतः तपासून घेतलेले अण्णा खिडकीला पाठ लावून, दोन्ही हात पसरून, डोळे गच्च मिटून बायकोच्या आणि काचेच्या मधे उभे होते.

वहिनींनी त्यांना खालून वर पाहिलं. म्हणाल्या, "आवं, सरका की बाजूला. दिसत न्हाई मला."

मी हसले आणि हसता हसता रडले. अण्णांनी हळूच डोळे उघडले, वळले, आणि चौकटीच्या तळावरून बोट फिरवलं. "कोरडं," ते म्हणाले. बाहेरच्या फटींतून पाणी धो धो वाहत होतं. विनयने उठून दाराशी ठेवलेली बॅग आत नेली आणि कपडे कपाटात लावले.

काच नंतर बदलून घेतली. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत माझ्यासकट निम्म्या गल्लीने तसल्या खिडक्या बसवल्या. आता ट्रकचे भोंगे कमी ऐकू येतात, कणकेत धूळ येत नाही आणि वारा सुटला की मी खिचडी घेऊन पळत नाही. प्रत्येक घरी अण्णा नळी घेऊन हजर असायचे, पण आधी खाली वाकून फटी मोकळ्या आहेत का ते बघायचे.

गेल्या हिवाळ्यात अण्णा गेले. आजार नाही, काही नाही, सकाळचा चहा झाला आणि बसल्या जागी मान कलली. घर माणसांनी भरलं. वहिनींना बघवणार नाही म्हणून बायकांनी पडदा ओढला, तर त्या म्हणाल्या, "पडदा काढा. खिडकी उघडा." विनयने दांडा फिरवला आणि खिडकी सताड उघडली. पुरुष अण्णांना घेऊन निघाले. मी वहिनींचं डोकं माझ्या कुशीत ओढायला गेले, तर त्यांनी डाव्या हाताने मला बाजूला केलं.

"सोडा, ताई. वळणापातूर दिसत्यात ते."