चार पाटांवरचा एक माणूस

तमाम तुळजापूरकर, देवीला आलेले यात्रेकरू आणि मोटार स्टँडवरचे समस्त चहावाले यांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं, की आमचे तात्या मास्तर जाताना काय बोलले, हे यापुढं मला कुणीही विचारू नये. मी दमलोय. महिना उलटून गेला, येईल त्याला तीच हकिकत सांगतोय... आणि खरं सांगायचं तर दर वेळी ती थोडी जास्त रंगत चाललीय. तात्यांना हे कळलं असतं तर ते पोट धरून हसले असते. एकाच माणसाची गोष्ट कोण कशी सांगतो, हाच तर त्यांचा नाद होता.

तात्या आणि मी एकाच शाळेत मास्तर, ते माझ्याहून बरेच थोरले. घराणं देवीच्या पुजाऱ्यांचं, शिक्षण निजामाच्या अमलातलं, उर्दूतून. निजाम गेला, शाळा मराठी झाली आणि हे पिकल्या मिशांचे गृहस्थ पोरांच्या बरोबरीनं मराठी व्याकरण घोकायला बसले. पुढं ऑपरेशनसाठी सोलापूरला दवाखान्यात पडून होते, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या ख्रिस्ती माणसानं वेळ घालवायला म्हणून आपलं धर्मपुस्तक वाचायला दिलं. टाके सुकायच्या आत तात्या स्टाफरूममध्ये हजर. "गुरुजी, येशूची हकिकत चौघांनी लिहिलीय, आन् चौघांची जबानी जुळत न्हाय!"

झालं. कुठून कुठून चार प्रती मिळवल्या. घरातल्या मागच्या खोलीत चार पाट मांडले आणि एकेकावर एकेक उघडून ठेवली. मत्तय, मार्क, लूक, योहान. शाळा सुटली की तात्या गुडघ्यांवर रांगत या पाटावरून त्या पाटावर. जन्माची गोष्ट दोघंच सांगतात. एकाकडं ताऱ्यामागून आलेले ज्ञानी, दुसऱ्याकडं मेंढरं राखणारे. शिष्यानं येशूची ओळख नाकारली तेव्हा मार्काचा कोंबडा दोनदा आरवतो, बाकी तिघांचा एकदाच. येशूनं देवळातल्या व्यापाऱ्यांना हुसकलं ते तिघांच्या मते शेवटी, योहानाच्या मते सुरुवातीलाच. ही गोष्ट तात्यांनी इतक्या आनंदानं सांगितली, की देवळापुढच्या परडी-बांगड्यांच्या दुकानदारांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

"तात्या, बाटला का काय?" गल्लीतले पुजारी विचारायचे.

"बाटतोय कशाला? ताळा करतोय," म्हणत ते आंघोळ उरकून आपल्या पाळीच्या पूजेला जायचे.

चौघांचं मिळून एक सलग चरित्र करायचं, अशी त्यांची जिद्द होती. कित्येक उन्हाळ्याच्या सुट्ट्या त्यात गेल्या. मग एका संध्याकाळी गेलो तर तात्या भिंतीला टेकून बसलेले, चेहरा उतरलेला. "जमंना, गुरुजी. एकाचं वगळलं की माणूसच बारीक होतो." मी विचारलं, जाताना येशू काय बोलला, निदान ते तरी चौघांचं एक असेल? म्हणाले, "कुठलं! दोघांच्यात देवानं टाकलं म्हणून कळवळतो, बाकीच्यांच्यात निवांत होतो." मग खरं कुठलं? तात्यांनी उलट मलाच विचारलं, "मरणाऱ्यापाशी बसलाव का कधी?"

बसलो. वैशाखात, त्यांच्याच उशाशी, त्याच खोलीत. काकू, म्हणजे तात्यांची मंडळी, सकाळपासून जागच्या हलल्या नव्हत्या. आम्ही बाकीचे आळीपाळीनं आत-बाहेर. थोरला दत्तू तहसिलीत कारकून. त्याला तात्या म्हणाले, "आता आवरा." लेक शकूला म्हणाले, "पाट हलवू नका." काकूंचे भाऊ अण्णा येडशीहून आलेले, ते सांगतात, दाजींनी फक्त आमच्या रामलिंग महादेवाचं नाव घेतलं. आणि मला, एक डोळा बारीक करून, "कोंबडा किती वेळा आरवला?" ... भर दुपारी!

सुतकाचे दिवस याच भांडणात गेले. दत्तूचं लग्न ठरलेलं, त्याला ती खोली हवी होती. आवरा म्हणजे खोली रिकामी करा, असं त्याचं म्हणणं. "दादा, मेलेल्या बापाच्या नावावर खपवू नगंस," असं म्हणून शकूनं त्याच्याशी बोलणं सोडलं. खोली राहणार की जाणार, आणि बहीण-भाऊ राहणार की तुटणार, हे चार पाटांवर येऊन ठेपलं होतं.

पाट आजही तिथंच आहेत. दत्तूनं आपला संसार पुढच्या पडवीत मांडायचं ठरवलंय, शकू त्याच्याशी पुन्हा बोलतेय. काकूंना वाचता येत नाही. झाडून काढताना त्या चारी पुस्तकांचं एकेक पान उलटतात, कुणा एकावर अन्याय नको म्हणून. हे कसं जमलं आणि कावळा शेवटी कशानं शिवला, तेवढं सांगतो आणि बसतो.

दहाव्याला ओढ्याकाठी पिंड मांडलेला. ऊन मी म्हणतंय, माणसं टॉवेल डोक्यावर घेऊन उकिडवी बसलेली, आणि कावळा बाभळीवर. दत्तू हात जोडून म्हणाला, "तात्या, खोली नीट आवरतो." कावळ्यानं पाठ फिरवली. शकू म्हणाली, "तात्या, पाट हलणार न्हाईत." ढिम्म. अण्णांनी रामलिंगाला अभिषेक कबूल केला. मग मी पुढं झालो, घसा खाकरला आणि नाटकात शोभेल अशा आवाजात गर्जलो, "तात्या! दोनदा!" कावळ्यानं पंखाखाली चोच घालून खाजवलं. कुणी हसलंही नाही, इतके सगळे थकलेले. तेवढ्यात दत्तू-शकूची पुन्हा जुंपली. खोटारडी तू, खोटारडा तू... आणि मागं बसलेल्या काकू गुडघ्यांवर हात टेकून उठल्या, पदर सारखा केला, बाभळीकडं तोंड करून उभ्या राहिल्या आणि साऱ्या ओढ्याला ऐकू जाईल अशा ओरडल्या,

"अवो, चौघांचंबी खरं हाय, मी तिथंच व्हते की! आता जेवा, लेकरं उपाशी हायती!"