फळ्याशेजारची चप्पल

शुद्धीवर आले तेव्हा नाकावर चप्पल होती. निळ्या पट्ट्याची, रबरी, टाचेशी झिजलेली. दाबून धरलेली. धरणारा हात मॅडमचा. भोवती आठवीची सगळी पोरं. ओढणी कुठं गेली, कळेना. सलवार ओली झालीय, तेवढं मात्र कळलं.

"बघा, आली की नाही शुद्धीवर?" मॅडम पोरांना म्हणाल्या. "परवाच मालिकेत दाखवलं होतं."

मी म्हणाले, "थँक्यू, मॅडम."

औरंगपुऱ्यातला तो क्लास मॅडमच्या मालकीचा. मी तिथं गणित शिकवायचे. पाचोडच्या शाळेत शिकलेली, घरातली पहिली पदवीधर. बोलणं गावाकडचं, तरी मॅडमनी मला फळ्यासमोर उभं केलं, हे मी एक दिवस विसरले नव्हते. मला फिट येते, हे मात्र त्यांना सांगितलं नव्हतं. गोळ्या चालू होत्या. तीन वर्षांत एकदाही आली नव्हती. त्या रविवारी गावी गेले आणि गोळ्यांची पट्टी तिथंच विसरले. दोन दिवस चुकले. चूक माझीच.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले, तर फळ्याशेजारी खिळा. खिळ्याला कॅरीबॅग. आत तीच चप्पल.

"परत झालं तर शोधाशोध नको," मॅडम म्हणाल्या. "आणि लपवलंस ते बरं नाही केलंस. अगदी त्या मालिकेतल्या धाकट्या सुनेसारखं."

ती मालिका माझी आईही बघते. फोनवर मी तिला विचारलं. ती म्हणाली, "ती धाकटी लई खोटारडी दाखवलीय ना, म्हणून तिला फेफरं. थोरलीला नाय येत कधी. थोरलीला झालाच तर कॅन्सर व्हतो, अन् नवस केला की जातो." हसली. मग म्हणाली, "गोळी घेतलीस नव्हं?"

मी सात वर्षांची असताना आईनंही माझ्या नाकाला चप्पल लावली होती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं, फिट तिची तीच थांबते, चपलेनं नाही. लेकराला कुशीवर वळवायचं. आईला सही करता येत नाही. त्या दिवसानंतर तिनं चप्पल लावली नाही. मॅडम एम.ए. आहेत.

सकाळ-संध्याकाळ गोळी घेऊन कामाला जाणारी बाई मी एकाही मालिकेत पाहिलेली नाही. फिट येणारी एक तर खोटारडी असते, नाहीतर झपाटलेली. लग्नाच्या मांडवात पडते आणि सगळे तोंडाला पदर लावतात. लहानपणापासून हेच बघत आले. म्हणूनच लपवलं होतं.

आठवडाभर त्या पिशवीशेजारी उभं राहून शिकवलं. पोरं समीकरण कमी, पिशवी जास्त बघायची. मी पिशवीला हात लावला नाही. वर्ग हातात राहिला, हेच खूप वाटायचं.

शनिवारी पालकसभा होती. झाडलोट करणाऱ्या मावशी चहा देत फिरत होत्या. अनवाणी.

"मावशी, पायात काही नाही?"

"एकच ऱ्हायली नव्हं, बाई. दुसरी तुमच्या पिशवीत हाय." सहज म्हणाल्या. टोमणा नव्हता त्यात.

त्या दिवशी मॅडमच्या पायातही सँडल होती. ती नाही काढली त्यांनी. मावशींच्या पायातली ओढून घेतली. गरिबाची चप्पल, गरिबाचं नाक.

तेवढ्यात मॅडम पालकांना सांगू लागल्या, "आमच्या या टीचरना फिट येते. पण काळजी नको, सोय केलेली आहे." आणि पिशवीकडं बोट केलं. पहिल्या रांगेतल्या एक बाई रुमालाआड हसल्या.

मी उठले. पिशवी काढली. चप्पल मावशींच्या पायापाशी ठेवली.

"हे काय चाललंय?" मॅडम ओरडल्या.

"चपलेनं फिट जात नाही, मॅडम. मला कुशीवर वळवायचं. घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखान्यात न्यायचं. नाकाला काही लावायचं नाही. तोंडात काही घालायचं नाही."

"तुला संधी दिली, त्याचे हे पांग फेडतेस?"

"संधीचे आभार हायेत, मॅडम. चपलेचे नाय."

सोमवारपासून येऊ नको, असा निरोप संध्याकाळी आला. एकाही पालकाचा फोन आला नाही. आई रडली. "गप बसली असतीस, तर वर्ग तरी ऱ्हायला असता," म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती.

आता नोकरीचे अर्ज लिहिते. पदवीच्या खाली एक ओळ असते: मला फिट येते, औषध चालू आहे, आली तर काय करायचं ते पहिल्याच दिवशी सगळ्यांना शिकवीन. दोन शाळांकडून उत्तर नाही. तिसऱ्या शाळेचे साहेब म्हणाले, ही ओळ काढा, मग बघू.

ओळ काढणार नाही. लपवून मिळालेल्या फळ्यासमोर मी पुन्हा उभी राहणार नाही.