बिनधुराची गाडी

मोठे बाबा गाडीची तब्येत धुरावरून सांगत. माझे हे थोरले काका तुमसरच्या राइस मिलचा तांदूळ वाहणारा ट्रक उभं आयुष्य चालवत होते. सकाळी इंजिन सुरू केलं की मागे जायचं, सायलेन्सरसमोर हात धरायचा आणि तो नाकाशी न्यायचा. "पांढरा फेकून राहिला. पाणी शिरलं आत." धूर काळा असला की मालकाशी भांडण ठरलेलं. भारी तापट माणूस! पण माझ्यावर कधी ओरडले नाहीत.

तोच धूर आणि मिलचा कोंडा शेवटी त्यांच्या छातीत बसला. नाकात नळी आली. विजेवरचं ऑक्सिजनचं मशीन उशाशी घरघरायचं. लाईट गेली की कोपऱ्यातलं सिलिंडर. मशीनवरही ते खेकसायचे, "हळू घे ना बे, कोठं पळून राहिला?"

मी पुण्यात हायड्रोजनच्या गाड्यांच्या चाचणीवर लागलो, याचं घरात सर्वांत कौतुक त्यांनाच. शेवटचं भेटायला गेलो तेव्हा बसूही दिलं नाही.

"धूरच नाही? मंग काय निंघते मागून?"

"पाणी."

"फेकू नको बाबू!"

मग खाटेवर बसून समजावलं. टाकीतला हायड्रोजन एका बाजूने, बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन दुसऱ्या बाजूने, मध्ये पातळ पडदा. तिथे दोघांचं जुळतं, जाळ न होता वीज तयार होते, मोटर फिरते. चढावर बॅटरी मदतीला येते, आणि ब्रेक मारला की थोडी भरूनही घेते.

"म्हणजे दोनावर चालते," मशीन आणि सिलिंडरकडे बोट करून ते हसले, "माह्यासारखी!" हसता हसता खोकल्याची उबळ आली. पाठीवर हात फिरवण्यापलीकडे मला काय येत होतं?

तेवढ्यात लाईट गेली. मोठ्या आईने, म्हणजे माझ्या काकूने, नळी सिलिंडरला जोडली. मी लाईनमनला फोन लावला. "येऊन जाईल," एवढंच तो म्हणाला.

दम परतल्यावर मोठे बाबा म्हणाले, "अन् तो पडदा खराब झाला तं?"

मी कामाच्या सवयीने बोलून गेलो, "बदलून टाकतो."

त्यांचा हात स्वतःच्या छातीवर गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बरं आहे मंग तुह्या गाडीचं," ते म्हणाले. त्यात रागही नव्हता.

सिलिंडरचा काटा खाली येत होता. भरलेलं दुसरं भंडाऱ्याहून यायचं होतं. अख्खी गाडी तोंडपाठ असलेला मी, त्यांचा हात धरून लाईटची वाट बघत बसलो.