दाढेमागचा दाणा

कवळीमास्तरांच्या खोलीत नवखा माणूस आला की दारातच थबकायचा. तिन्ही भिंतींवर प्लास्टरचे जबडे, शेकडो, आ वासलेले. मास्तर हसून म्हणायचे, "या हो, यांतलं एकही चावत नाही." दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाची मापं पाठवायचे, मास्तर त्यात प्लास्टर ओतून साचा काढायचे आणि त्यावर कवळी बसवायचे. तीस वर्षं हेच.

माणूस निर्व्यसनी. विडी नाही, तंबाखू नाही, दारू तर लांबच. त्यामुळे घशातल्या गाठीचा तुकडा तपासल्यावर कॅन्सर निघाला, तेव्हा नातेवाइकांच्या चर्चेला ऊत आला. "आग असल्याशिवाय धूर निघतो होय? चोरून खात असणार!" बायकोनेही गुपचूप त्यांचे खिसे उलटे केले. काही सापडलं नाही, तेव्हा स्वतःचीच लाज वाटून रडली बिचारी.

"तंबाखू नाही, हा विषाणू आहे," डॉक्टरांनी सांगितलं. "जवळच्या संबंधांतून येतो. बहुतेकांच्या अंगातून आपोआप जातो. एखाद्याच्या घशात मात्र वीस-वीस वर्षं गप्प बसून राहतो. कुणाकडून आला, ते शोधत बसू नका. उपचार चांगले लागू पडतात. वेळेत कळलं असतं, तर आणखी सोपं गेलं असतं."

वेळेत! तो शब्द घेऊनच मास्तर घरी आले.

वर्षाचं पहिलं प्लास्टरचं पोतं फोडलं की ते कसं बसतं हे पाहायला ते आधी स्वतःच्याच तोंडाचा साचा काढायचे. त्यांनी गेल्या तीन वर्षांचे आपले तीन साचे खाली काढले. वरच्या जबड्यात, उजव्या शेवटच्या दाढेमागे, तिन्हींवर सुरीने तासल्याची खूण होती. पहिली मोहरीएवढी, दुसरी मुगाएवढी, तिसरी वाटाण्याएवढी. डॉक्टरांना गाठ सापडली ती नेमकी तिथेच, घशाच्या तोंडाशी.

मापात हवेचा बुडबुडा राहिला की साच्यावर दाणा उठतो. तो तासून टाकायचा, हे मास्तर पहिल्याच दिवशी शिकले होते. हात आपोआप चालायचा. कॅन्सर तीनदा समोर आला होता, आणि मास्तरांनी तीनदा तो गुळगुळीत करून फळीवर ठेवला होता.

मग त्यांची नजर शेजारच्या साच्यावर गेली. तो बायकोचा होता, गेल्या वर्षी दाढेच्या कॅपसाठी घेतलेला. त्यांनी दाढेमागे नख फिरवलं. तिथेही खूण लागली.

बुडबुडा होता की दुसरं काही? काही केल्या आठवेना.

"अगं! इकडे ये आधी! आ कर!"

"अहो, भाजी करपतेय तिकडे..."

"करपू दे! आ कर म्हणतो ना!"

टॉर्चच्या उजेडात घसा स्वच्छ दिसला. त्यांनी बोट फिरवून पाहिलं, पुन्हा पाहिलं. काही नव्हतं. तरी उद्या तिलाही डॉक्टरांना दाखवायचं ठरवून ते मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. ती घाबरून पाठीवरून हात फिरवत राहिली.

डोळे पुसून त्यांनी वर पाहिलं. तिन्ही भिंतींवरची तोंडं तशीच आ वासून होती. एकूण एक गुळगुळीत, सगळी त्यांच्याच हातची.

मास्तर उठले. एकेक साचा काढून दाढेमागे नख फिरवू लागले. सातव्यावर नख अडखळलं. त्यांनी साच्याखालचा पेशंटचा नंबर वाचला आणि तो साचा ज्यांच्यासाठी केला होता त्या डॉक्टरांना फोन लावला.

"मी कवळीवाला बोलतोय," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "तुमच्या या नंबरच्या पेशंटला परत बोलवा. एक दाणा मी तासून टाकलाय."