चार बोटांचा हळदीचा पंजा

आजही नव्या घराच्या दाराशी हळदीचा पंजा दिसला की ती घटना आठवते आणि मी नकळत बोटं मोजतो.

तेव्हा मी पिंपळनेर भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. ऊसतोडीला जाणारी एक बाई काखेत गुंडाळलेलं कॅलेंडर घेऊन आली. ठाणे अंमलदार म्हणाला, "बाई, रद्दीवाला पलीकडे." ती हलली नाही. मी तिला आत बोलावलं. कॅलेंडर मुंबईच्या एका कंपनीचं होतं, कांद्याच्या अडत्याकडून तिने ते मागून आणलं होतं. एका पानावर पक्क्या घराच्या दारात ही बाई, नवरा आणि पोरं उभी होती. खाली छापलं होतं, 'हक्काचं घर'.

"साहेब, हाई घर मनं शे म्हणे. मंग मी झोपडामा काबर राहस?" घर माझं, तर मी झोपडीत का, एवढाच तिचा सवाल.

अंमलदार उठला आणि तिच्यासाठी खुर्ची घेऊन आला.

चौकशीत कळलं ते असं. धुळ्याची एक छोटी संस्था भूमिहीनांना स्वस्तात घरं बांधून देई. प्रमुख निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना नाना म्हणत. माणूस देवासारखा, पण समोर येईल त्या कागदावर सही ठोकणारा. कारभार सगळा सचिवाच्या हाती. घर पूर्ण झालं, कुटुंब दारात उभं राहिलं, असा फोटो गेला की ती कॅलेंडरवाली कंपनी पुढच्या घराचा निधी सोडत असे. मुंबईहून पाहायला कोण येतंय इतक्या आडवाटेला?

सचिवाला बोलावलं. तोंडात साखर घोळवत त्याने पाच कुटुंबांचे पाच फोटो टेबलावर मांडले. पाड्यापाड्यांवर नेऊन कुलूपबंद घरंही दाखवली. माणसं कामाला गुजरातेत गेलीत म्हणाला. इकडची छोटी घरं बहुतेक एकाच साच्यातली, त्यामुळे ती फोटोतलीच की दुसऱ्या कुणाची, हे कळायला मार्ग नव्हता. वर म्हणतो कसा, "त्या बाईने घर विकून खाल्लं साहेब. मीच तिच्यावर तक्रार देणार आहे."

माझं डोकं असं तापलं म्हणता! पण संशयावर कोर्ट चालत नाही. घरांच्या नोंदी ग्रामपंचायतींकडे मागितल्या होत्या, पण उत्तरं यायला वेळ लागणार होता आणि कंपनीचा पुढचा निधी कधीही सुटला असता. तो हातात पडला की गडी पसार, आणि झोपडीतली बाई फुकट आरोपी.

बाईने फोटोची जागा सांगितली. जीपमध्ये बसवून त्यांना नदीपलीकडे, अक्का म्हणतात त्या एका बाईच्या घरी नेलं होतं. आम्ही गेलो. अक्का दाराशेजारी भिंतीला पाठ लावून उभी, उजवा हात पदराखाली. "आठे कोणी येल नही," इथे कोणी आलंच नाही, एवढंच बोलली. महिला शिपायाने समजावून पाहिलं. अक्का भिंतीपासून तसूभरही सरकली नाही.

ठाण्यात परतलो आणि ते पाच फोटो पुन्हा समोर घेतले. एकात भिंत गुलाबी, एकात निळी, एकात पिवळी. दारंही वेगळ्या रंगांची. मग नजर चौकटीच्या उजवीकडे गेली आणि मी चहाचा कप तसाच खाली ठेवला. पाचही फोटोंत, अक्काच्या स्वतःच्या फोटोतही, हळदीचा एकच पंजा होता. अनामिका नसलेला. रंगाऱ्याने दर वेळी त्याला वळसा घालून भिंत रंगवली होती.

दुसऱ्या दिवशी दोन पंच, नाना आणि सचिव यांना घेऊन गेलो. अक्का त्याच जागी उभी.

"अक्का, बाजूला व्हा."

"नही!" ती सचिवाकडे बघत ओरडली. "तोंड उघडं तं घर जप्त व्हई, असं यानीच सांगेल शे माले. घर न्यायनं तं पहिले माले न्या!"

तेव्हा उलगडा झाला. तिला गुन्ह्याशी काही देणंघेणं नव्हतं, ती आपलं छप्पर राखत होती. जप्तीचं ठरवणारा मी कोण? तो अधिकार कोर्टाचा. तरी मी शब्द दिला, "अक्का, या सगळ्यात तुमचं घर तेवढं खरं आहे. त्याला कुलूप लागू देणार नाही."

तिने पदराखालचा हात बाहेर काढला. मग सरकली. ऊसतोडीत कोयत्याने बोट गेलेला हात तिने पंचांसमोर पंजावर ठेवला. तंतोतंत बसला. नाना भिंतीकडे तोंड करून रडू लागले.

जबाबात मी सचिवाला विचारलं, "एवढा हुशार तू, पंजा का नाही पुसलास?"

"रंगारी म्हणाला, गृहप्रवेशाचा हात पुसणं म्हणजे घरची लक्ष्मी पुसणं. तो काही ऐकेना." मग खाली मान घालून म्हणाला, "माझाही हात धजावला नाही, साहेब."

आमच्या मातीतला चोर! गरिबांची घरं खाल्ली, पण हळदीला भ्याला.

गुन्हा शाबीत झाला. अक्काचं घर राहिलं. कंपनीने मात्र संस्थेचा निधी कायमचा थांबवला. कॅलेंडरवाली बाई ठाण्यात येऊन म्हणाली, "चोर सापडी गया साहेब. मनं घर कठे शे?" मला फार वाईट वाटलं.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. गरीब माणूस खोटं बोलत असेल तर तो काय लपवतोय हे नंतर विचारावं. तो काय वाचवतोय हे आधी बघावं.

नाना त्या वयात दुकानोदुकानी फिरले. मदत गोळा करून त्यांनी घर उभं केलं, एकच, त्या कॅलेंडरवाल्या बाईचं. तोवर मी निवृत्त झालो होतो, तरी मला आग्रहाने बोलावलं. हळदीत बुडवलेला हात भिंतीजवळ नेऊन ती थांबली.

"साहेब, हाई मनंच शे ना? परत कोणी फोटो काढीसन हाकली तं देणार नही?"

"तुमचंच आहे. ठेवा हात."

तिने हात असा दाबून धरला की हळद कोपरापर्यंत ओघळली. अक्काने गूळ वाटला. फोटोतल्या बाकीच्या तिघीही आल्या होत्या. गूळ घेऊन त्या अंगणातच त्या ओल्या पंजाकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांचे हात अजून कोरेच आहेत.